डाव्या आट्यांचा नट

माझ्या लेथला एक नट हवा होता, आणि तो करू शकेल असा नाशकात एकच माणूस आहे असं मला सांगण्यात आलं होतं. त्या माणसाचं मी अकरा वर्षांपूर्वी वाटोळं केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही नम्र वाटलो तरी वाचणाऱ्याने फसू नये.

सातपूरच्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं क्वालिटीला होतो. छोट्या छोट्या गाळ्यांमधून करून आणलेला माल गेटवर यायचा. तो मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, एवढंच माझं काम. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंना नावं ठेवली. माझ्या हाताने एक साधा बुशही कधी केला नाही. नोकरी सुटली तेव्हा ही गोष्ट मला टोचायला लागली. मग अंबड लिंक रोडच्या भंगारात धातू कातायचं एक छोटं, जुनं विलायती लेथ दिसलं, ते घेतलं आणि सिडकोतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. बायको म्हणाली, "कंपनीतून सुटलात म्हणून मी नारळ फोडला, आणि तुम्ही कंपनीच घरी आणलीत."

तीन महिने डिझेल, चिंध्या आणि पॉलिश पेपर यांत गेले. लेथ फिरायला लागलं. अडलं ते एका ठिकाणी. कापायचं हत्यार आत-बाहेर सरकवणारा एक स्क्रू असतो, तो गनमेटलच्या, म्हणजे पितळेसारख्या धातूच्या, नटातून फिरतो. माझा नट इतका झिजला होता की हँडल अर्धा फेरा फिरवलं तरी हत्यार जागचं हलत नव्हतं. बाजारात असा नट मिळत नाही. त्याचे आटे डावे, चौकोनी आणि इंचातले. बोटाएवढ्या भोकात बारीक हत्यार घालून ते एकेक धार कापत काढावे लागतात.

अंबडमध्ये तीन गाळे फिरलो. पहिल्याने विचारलं, किती पीस. एक म्हटल्यावर तो पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला, मी गेलो की नाही हेही त्याने पाहिलं नाही. दुसरा म्हणाला, "काका, घरी वेळ जात नसेल तर भजनी मंडळात जा. इथं आमची मशीन कशाला थांबवता?" तिसऱ्याने नट ठेवून घेतला, आठ दिवस फिरवलं, आणि नवव्या दिवशी मी गेलो तर माझा नट त्याच्या टेबलावर चलनांवर वजन म्हणून ठेवलेला होता. मी रागावलो, तर तोही रागावला. असलं काम आता कोणी करत नाही, म्हणाला. सातपूरला लेथवरचा एक म्हातारा टर्नर होता, नामपूरकडचा, तो करायचा. पण कोणा क्वालिटीच्या साहेबाने त्याचा अख्खा लॉट परत केला, तेव्हापासून त्याने आट्यांचं काम सोडलं.

"कोण साहेब?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत आहे. नाव त्याला माहीत आहे का, ते पाहायचं होतं.

"असेल कोणी भडवा," तो म्हणाला, आणि माझा नट माझ्या हातावर ठेवला.

काय घडलं होतं ते आता सांगतो. खंडेनवमीला कंपनीत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. आमच्या खात्यातल्या गेजांची पूजा माझ्याकडे असे. आटे तपासायचा गेज म्हणजे एक दांडी, तिच्या दोन्ही टोकांना आटे. एक टोक नटात अलगद गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तेवढ्यावर नटाचा निकाल. पाण्याने गेज गंजतात म्हणून मी कुंकू तेलात कालवायचो, आणि या काळजीचा मला अभिमान होता. दरवर्षी टिळा दांडीवर लावायचो. त्या वर्षी टोकांवर लावला. मोजतं ते टोक, दांडी नव्हे, असं काहीतरी मनात आलं असावं. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, वापरता वापरता जाऊ द्यायचं, ही आमच्या घरची रीत. दसऱ्याची सुट्टी झाली. परत आलो तेव्हा गेजावरून नुसतं फडकं फिरवलं, धुतला नाही.

त्या दिवशी पहिला लॉट त्या म्हाताऱ्या टर्नरचा होता. तेव्हा ते म्हातारे नव्हते, पंचावन्न-छप्पन्नचे असतील. सगळे त्यांना नाना म्हणत. पंपाचे गनमेटलचे नट. मी बारा उचलले, बाराही नटांत गेजाचं आत जायला हवं ते टोक दोन फेऱ्यांनंतर अडलं. लॉट रिजेक्ट केला. दुपारी नाना आले, टेम्पोत त्यांचा मुलगाही होता, पंचविशीचा. नानांनी खिशातून स्वतःचा स्क्रू काढला आणि माझ्या टेबलावर एकेका नटातून फिरवून दाखवला. सगळ्या नटांतून तो अलगद जात होता. ते म्हणाले, गेज बघा, माल बरोबर हाय.

मी म्हणालो, तुमचा स्क्रू म्हणजे आमचा गेज नव्हे. तरी ते हटेनात. आजूबाजूला स्टोअरची माणसं जमली, दोन दुसरे गाळेवाले होते, आणि माझा आवाज चढला. मी म्हणालो, "नाना, नजर गेलीय तुमची. डोळे दाखवून घ्या, आणि आट्यांचं काम आता पोराला करू द्या." दोघं-तिघं हसले. मुलगा खाली बघत होता. लॉटवर लाल रंग मारला आणि तो परत टेम्पोत गेला. ते काम दुसऱ्या गाळ्याला दिलं गेलं.

पाचव्या दिवशी त्या दुसऱ्या गाळ्याचा माल आला. तोही अडला. तेव्हा कुठे मी गेज भिंगाखाली धरला. आट्यांच्या तळाशी तांबडा चिकट गाळ घट्ट बसला होता. ब्रशने, रॉकेलने धुतला. गेज अलगद आत गेला. मी तो माल पास केला. नानांना फोन केला नाही. रिपोर्टमध्ये काही लिहिलं नाही. तेव्हा माझं प्रमोशन जवळ आलं होतं, पण तेही खरं कारण नव्हतं. चार लोकांसमोर बोललेलं मागे घ्यायला माझी जीभ वळली नाही, एवढंच. पुढे त्यांनी तो माल वितळवायला दिला असेल, आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. वाईट हे की ते वर्षानुवर्षं पटत राहिलं.

सातपूरला नानांच्या गाळ्याच्या गल्लीत मी सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. गाळ्यात आता कॉम्प्युटरवर चालणारं एक नवं सीएनसी मशीन होतं, त्यापुढे मुलगा उभा. वजन वाढलेलं, चष्मा लागलेला. नाना दाराशी पाटावर बसून कानशीने तयार मालाच्या कडा मारत होते. मी त्यांच्याकडे न बघता आत गेलो, मुलाला नट दाखवला आणि असा एक करून द्याल का, विचारलं. माझ्या मिशा गेल्या, केस गेले, त्याने ओळखलं नाही.

"आट्यांचं काम आम्ही घेत नाही, काका," तो म्हणाला. "आमचे नाना करायचे. पण त्यांच्या हाताचा अंदाज गेला. एकदा कंपनीतून सगळा माल परत आला, तेव्हा मीच बंद केलं."

बाहेरची कानस थांबली.

"आवाज वळखीचा हाय," नाना दारातून म्हणाले. "साहेब आलेत. क्वालिटीवाले. त्यांना खुर्ची देऊ नको."

मुलाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग जे केलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्याने हात पुसले आणि खुर्ची दिली. वडिलांसमोर. म्हणाला, साहेब, तुमच्यामुळे वाचलो आम्ही. तुम्ही त्या दिवशी तोंडावर सांगितलं म्हणून मी वेळेत सगळं हातात घेतलं. नाना ऐकत नव्हते, भांडत होते, पण मी लेथवर पट्टा चढवू दिला नाही. नाहीतर अजून किती माल वाया गेला असता. त्याने चहा मागवला. मी तो चहा घेतला. हो, घेतला. नाना दारात बसून माझा घोट न् घोट बघत होते, आणि गेजाचं खरं काय ते मी सांगितलं नाही. नट परत खिशात घालून निघालो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "पचला का चहा?"

ते सगळं पचलं नाही. मला वाटत होतं मी त्यांचं एक काम घालवलं. मी तर त्यांच्याच मुलाच्या नजरेतून त्यांना उतरवलं होतं, आणि तो मुलगा अकरा वर्षं रोज, प्रेमाने, काळजीने, वडिलांना त्यांच्याच लेथपासून दूर ठेवत होता. त्यांना कानस दिली होती. घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही. म्हणाली, मला कशाला सांगता, मी काय त्यांची सून आहे?

चार दिवसांनी पुन्हा गेलो. बरोबर जुना स्क्रू होता, गनमेटलचा तुकडा होता. हेही कबूल करतो. माफी मागायला जाताना मी नटाचं सामान घेऊन गेलो. नाना दाराशीच होते. आत मशीन चालू होतं, मुलाची पाठ आमच्याकडे. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कुंकू, तेल, फडकं, भिंग, दुसऱ्याचा पास केलेला माल. त्यांची कानस एकदाही थांबली नाही. मी संपवलं तेव्हा त्यांनी हातातला तुकडा फुंकरला, टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला.

"हे मला कशाला सांगतो?" ते म्हणाले. बोलण्यातलं 'साहेब' गेलं होतं, 'तुम्ही' गेलं होतं. "मला तवाच माहीत व्हतं. माझा स्क्रू बाराच्या बारात गेला, मी पाह्यलं नाय का? गेज चुकला हे मला टेबलावरच कळलं. तू काही नवं नाय सांगितलं."

मी म्हणालो, आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

"मोकळं व्हायला आला व्हय? माझ्यापाशी? शौचाला जातात तसा?" त्यांनी कानशीने आत दाखवलं. "तिकडं जा. त्याला सांग. त्याच्या पाठीला नाय, तोंडाला सांग."

आत जायला मला वेळ लागला. दहा पावलांचं अंतर. सीएनसी थांबवायला मुलाने एक बटण दाबलं आणि गाळा एकदम शांत झाला. मी सांगायला लागलो. सुरुवातीला तो हसतच ऐकत होता, साहेब काहीतरी जुनी गंमत सांगताहेत असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं हसू गेलं. त्याने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. कामाचा माणूस विचारतो तसे त्याने मोजके प्रश्न विचारले.

"गेज धुतला नव्हता?"

"नाही."

"पुसला होता?"

"वरवर."

"आणि दुसऱ्याचा माल अडला तेव्हा धुतला."

"हो."

"तो पास केला."

"हो."

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "मी त्यांच्या हातातून हत्यार काढून घेतलं होतं. ते देत नव्हते, मी बोटं उघडून घेतलं." पुढे म्हणाला, "घरात पाहुणे आले की मी सांगायचो, नानांना दिसत नाही आता. पोरांना सांगितलं, आजोबांच्या हातात काही धारदार देऊ नका." माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. "तुम्हाला नट नसता लागला तर आला असता का इथं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तोंडापर्यंत आलंही होतं. नाही, म्हणालो. नसतो आलो.

"मग चालते व्हा," तो म्हणाला.

पण तेवढ्यात नाना आत आले होते. कोपऱ्यात गोणपाटाखाली त्यांचं जुनं लेथ होतं, त्यावर रिकामी खोकी रचलेली. त्यांनी खोकी एकेक करून खाली मांडली, गोणपाट ओढलं, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी स्क्रू दिला, गनमेटलचा तुकडा दिला. मुलगा पुढे झाला, गिअर बदलून देतो म्हणाला. नाना म्हणाले, "हात लावला तर तोडीन."

पुढचे दोन तास आम्ही दोघं उभे होतो आणि ते काम करत होते. त्यांना खरोखरच आता कमी दिसत होतं. माप वाचायला पट्टी डोळ्यांशी आणावी लागत होती, आणि स्क्रूचे आटे त्यांनी नखाने मोजले. पण भोक पाडून झाल्यावर, आतले आटे कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मुलाने न राहवून हाक मारली. नाना त्याला म्हणाले, "आतल्या आट्याला डोळा लागतो? भोकात काय दिसतं तुला? तुला दिसतं का, या साहेबाला दिसतं का?" मान कलती करून ते हत्यार आत घालायचे, यंत्र फिरवायचे, कापायचा आवाज ऐकायचे, आवाज बदलायच्या आत हत्यार बाहेर. पुन्हा केसभर पुढे. सत्तावीस वर्षं मी आटे तपासले, आणि आटे कानाने कापतात हे मला त्या दिवशी समजलं. ज्या कामाला डोळे लागतच नाहीत, त्या कामासाठी मी त्यांचे डोळे गेले म्हणालो होतो. तेव्हा माझ्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. आम्ही सगळे कागदाची माणसं.

एकदा त्यांनी स्क्रू लावून पाहिला, अडला. नानांनी अजून तीन वेळा हत्यार फिरवलं. मग नट काढला, फडक्याने नाही, डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशने धुतला, माझ्या डोळ्यांसमोर, जरा जास्तच वेळ. स्क्रू आणि नट माझ्या हातात दिले.

"कर इन्स्पेक्शन," म्हणाले.

मी स्क्रू फिरवला. नट आपल्या वजनानेच हळूहळू उतरत गेला. कुठे थांबला नाही, कुठे घसरला नाही. मी हलवून पाहिला, ढिला नव्हता. उजेडाकडे धरला, उलटा लावून पाहिला, पुन्हा फिरवला. आता लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे. मी दोष शोधत होतो. नुसती तपासणी नव्हती ती, मला दोष हवा होता. एखादा आटा जरी खरवडलेला सापडता, तर आतून कुठेतरी मला बरं वाटलं असतं, की बघा, त्या दिवशी गेज चुकला असेल, पण माणूस काही अगदीच निर्दोष नव्हता. मी चार वेळा फिरवला. काही सापडलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मला नको सांगू."

मी मुलाकडे वळलो. "नट बरोबर आहे. यापेक्षा चांगला माझ्या हाताखालून गेलेला नाही. त्या दिवशीचे बाराही असेच होते."

मुलाने माझ्या हातातून दोन्ही घेतलं आणि स्वतः फिरवायला लागला. वर, खाली, वर, खाली. बराच वेळ. वडिलांकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं, म्हणून तो नटाकडेच बघत होता. शेवटी नानांनी त्याच्यापुढे हात धरला. त्याने दोन्ही वस्तू त्या हातावर ठेवल्या. नानांनी नटातून स्क्रू काढला, स्क्रू मला दिला आणि नट सदऱ्याच्या खिशात टाकला.

"हा तुझ्यासाठी नव्हता केला," ते मला म्हणाले. "स्क्रू घे आणि जा."

गनमेटल माझं होतं, असा एक क्षुद्र विचार मनात येऊन गेला. तोही लपवत नाही. मुलगा मला सोडायला दारापर्यंत आला, पाहुणचार म्हणून नाही, मी खरंच जातो की नाही ते बघायला. म्हणाला, या गल्लीत पुन्हा दिसू नका. मी बरं म्हणालो. माझं लेथ अजून तसंच आहे, हँडल अर्धा फेरा रिकामं फिरतं, आणि दुसऱ्या कोणाकडे मी नट करायला टाकलेला नाही.

स्कूटरच्या डिकीत स्क्रू ठेवत होतो तेव्हा आत जुनं लेथ पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने धातू किंचाळल्यासारखा आवाज आला, हत्यार चुकीचं लागलं की येतो तसा, आणि लगेच नानांचा. अहिराणीत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात ते मुलाला शिव्या देत होते, हत्यार असं धरतात का म्हणून, इतकी वर्षं काय शिकला म्हणून. मुलगा एका शब्दानेही उलट बोलत नव्हता.